दुखण्याची रोजनिशी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले फैजपूर हे गाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेले राष्ट्रीय सभेचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. त्या वेळी महात्मा गांधीही फैजपूरला आले होते. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९३७ रोजी, गांधीजींचा रक्तदाब १९४/१३० इतका भरला. १९ फेब्रुवारी १९४० रोजी तो २२०/११० होता. गांधीजींच्या प्रकृतीविषयीच्या या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आठ दशकांनंतरही कोणत्याही डॉक्टरला त्या वाचून अर्थ लावता येतो, कारण तेथे तारीख आहे आणि आकडा आहे. “बापूंची प्रकृती मधूनमधून बिघडत असे” एवढेच कोणी सांगितले असते, तर त्यातून फारसा बोध झाला नसता.

रक्तदाब मोजावयास यंत्र आहे, तापासाठी तापमापक आहे. वेदना मोजावयास मात्र कोणतेही यंत्र नाही. ती केव्हा उठली, किती वेळ राहिली, कशाने वाढली आणि कशाने शमली, हे ज्याला दुखते त्यालाच ठाऊक असते. आणि तोही ते पंधरा दिवसांत विसरतो. म्हणूनच दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात रुग्णाने घरी लिहिलेल्या रोजच्या नोंदीला उपचारामध्ये मोलाचे स्थान आहे. फैजपूरच्या परिसरात ज्या एका आजाराला ही गोष्ट विशेषत्वाने लागू पडते, तो म्हणजे सिकलसेल.

आजाराचे स्वरूप

यावल, रावेर व चोपडा या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांमध्ये आणि पायथ्याच्या गावांमध्ये भिल्ल, पावरा, तडवी आदी आदिवासी समाजांची वस्ती आहे. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतही हाच डोंगरपट्टा पुढे जातो. या समाजांत, तसेच विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत, सिकलसेलचे वाहक व रुग्ण आढळतात. हा आजार संसर्गाने होत नाही. तो आईवडिलांकडून जन्मतःच येतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या रचनेत एक सूक्ष्म फरक असल्यामुळे शरीरात प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी आपला गोल आकार सोडून विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा अडतो आणि हाडे, सांधे, पाठ, छाती किंवा पोट यांत असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नाश पावते. त्यामुळे रुग्णाच्या अंगात रक्त नेहमीच कमी असते.

आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्णपणे निरोगी असण्याची चारात एक असते. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही. रुग्णाला मात्र जन्मभर या आजाराबरोबर राहावे लागते. आजाराचे निर्मूलन २०४७ पर्यंत साधावे या हेतूने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ झाला आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणीने रुग्ण कोण हे कळते. त्या रुग्णाचे पुढचे दिवस कसे जातात हे कळण्यासाठी मात्र दुसऱ्याच साधनाची गरज लागते.

दवाखान्याला न दिसणारा आजार

या आजाराचा पहिला वैद्यकीय वृत्तांत १९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केला. त्यांचा रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यासाठी आलेला एक तरुण होता. त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशी डॉ. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरच्या लक्षात आल्या आणि त्यांनी या तरुणाच्या प्रकृतीवर सुमारे अडीच वर्षे लक्ष ठेवले. त्या दीर्घ नोंदींतूनच एका नव्या आजाराची ओळख जगाला झाली.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ वर्षे व त्यावरील वयाच्या २३२ सिकलसेल रुग्णांना सहा महिन्यांपर्यंत रोज वेदनेची नोंद ठेवावयास सांगण्यात आले होते. अशा ३१,०१७ दिवसांच्या नोंदी तपासल्या असता निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.५ टक्के दिवशी रुग्णांना वेदना होत होत्या असे दिसून आले. वेदनेसाठी दवाखान्याची मदत घेतल्याचे दिवस मात्र केवळ ३.५ टक्के होते. उरलेले दुखणे त्यांनी घरातच सोसले होते.

या दोन आकड्यांमधील अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. दवाखान्याचे कागद आजाराचा एक लहानसा तुकडा पाहतात. बाकीचा आजार घरात, शेतात, शाळेच्या बाकावर घडतो आणि कोणीही लिहिला नाही तर तो झालाच नाही असे धरले जाते. डोंगरातील पाड्यावरून फैजपूर, यावल किंवा जळगावपर्यंत येण्यास दिवसाची मजुरी व गाडीभाडे दोन्ही जात असल्यास, घरात सोसलेल्या दुखण्याचे प्रमाण कमी असण्याचे काही कारण नाही.

याचा परिणाम उपचारावर होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास कळांचे प्रमाण कमी होते, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे. प्रौढ रुग्णाला हे औषध सुरू करावे काय, हे ठरविताना डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी एक असा असतो: गेल्या बारा महिन्यांत तीव्र कळा किती वेळा आल्या? तीन किंवा अधिक वेळा, हा अनेक ठिकाणी धरला जाणारा निकष आहे. रुग्ण जर “येतात अधूनमधून” असे उत्तर देईल, तर डॉक्टर केवळ दवाखान्यातील नोंदी मोजतील. तेथे एकच नोंद सापडेल, आणि घरी सोसलेल्या पाच वेळा हिशेबातून गळून पडतील.

शासकीय अधिकाऱ्यांना व पंचायतीच्या सदस्यांना ही गोष्ट सहज पटण्यासारखी आहे. पावसाळा संपल्यावर पाऊस किती झाला हे कोणी आठवून सांगत नाही. पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजले जाते आणि पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहिले जाते. ते शून्यही तितकेच महत्त्वाचे असते. दुखण्याच्या रोजनिशीलाही हाच नियम लागू आहे.

रोजनिशीत काय लिहावे

यासाठी शाळेची साधी दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर न बदलणारी माहिती एकदाच लिहून ठेवावी: रुग्णाचे नाव व वय, तपासणीचा निष्कर्ष, रक्तगट, प्रकृती बरी असताना असणारे हिमोग्लोबिन, न सोसणारी औषधे, पूर्वी रक्त दिले असल्यास त्याच्या तारखा आणि नेहमीच्या औषधांचे प्रमाण. यांतील नेहमीचे हिमोग्लोबिन हा आकडा विशेष महत्त्वाचा आहे. ज्याचे हिमोग्लोबिन एरवीही आठच असते, त्याच्या बाबतीत आठ हा आकडा नव्या संकटाचा द्योतक नसतो. ज्याचे एरवी दहा असते, त्याच्या बाबतीत तोच आकडा डॉक्टरला सावध करतो. अनोळखी डॉक्टरपुढे रात्री उभे राहण्याची वेळ आल्यास हे एक पान फार उपयोगी पडते.

पुढील पानांवर रोज झोपण्यापूर्वी दोन मिनिटांत होईल एवढेच लिहावे. त्यात सहा गोष्टी याव्यात: दुखणे कोठे होते, किती होते, केव्हा सुरू झाले व किती वेळ राहिले, त्याआधी काय घडले होते, कोणते औषध किती वेळा घेतले, आणि त्या दिवशी काम किंवा शाळा बुडाली काय. ताप आला असल्यास तापमापकाचा आकडा लिहावा.

दुखणे किती, हे सांगण्यासाठी डॉक्टर शून्य ते दहा असे माप वापरतात. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य. वडीलधाऱ्या मंडळींना हे माप परके वाटल्यास त्यांना “रुपयात किती पैसे दुखते?” असे विचारावे. पिकाची पैसेवारी ठाऊक असलेला शेतकरी “सत्तर पैसे” असे चटकन सांगतो. वहीत सात लिहावे. एका माणसाचे सात आणि दुसऱ्याचे सात सारखेच असतील असे नाही. त्याच माणसाचे कालचे सात आणि आजचे चार यांची तुलना मात्र निश्चितपणे करता येते.

“त्याआधी काय घडले होते” या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम, ताप व जंतुसंसर्ग ही कळा सुरू होण्याची नेहमीची कारणे आहेत. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराने पुरेसे पाणी प्यायले नाही, किंवा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री पिकाला पाणी देताना पाय तासन्‌तास भिजले, तर रुग्णाच्या अंगात कळा उठू शकतात. प्रत्येक रुग्णाचे कारण वेगळे असते आणि ते एका दिवसाच्या नोंदीतून समजत नाही. दोन-तीन महिन्यांची पाने एकत्र चाळली म्हणजे ते आपोआप पुढे येते.

नमुन्यादाखल एका कल्पित रुग्णाची चार दिवसांची पाने येथे दिली आहेत.

९ जानेवारी: दुखणे ०. गोळी घेतली. कामावर गेला.

१० जानेवारी: दुखणे ०. गोळी घेतली. रात्री दहा ते दोन शेतात पाणी देण्याचे काम. पाय भिजले.

११ जानेवारी: पहाटे ४ पासून दोन्ही पिंढऱ्या व कंबर. सकाळी ७, दुपारी ५, रात्री ४. वेदनाशामक गोळी दोन वेळा. ताप नाही. मजुरी बुडाली.

१२ जानेवारी: कंबर ३, संध्याकाळी १. वेदनाशामक गोळी एक वेळ. पाणी भरपूर प्यायला. घरीच.

एवढ्या चार ओळींत दुखण्याचे कारण, त्याची चढउतार, औषधाचा परिणाम आणि बुडालेली मजुरी हे सर्व आले आहे. “अंग फार दुखले, देवालाच काळजी” असे पानभर लिहून यातील काहीच कळले नसते. वेदनाशामक गोळ्यांची संख्या न चुकता लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो आणि काही वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने तो वाढतो. किती गोळ्या पोटात जात आहेत हे डॉक्टरला समजलेच पाहिजे. झाडपाल्याचे औषध किंवा दुकानातून परस्पर आणलेली गोळी घेतली असल्यास तीही संकोच न करता लिहावी. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. या आजारात रक्त कमी असण्याचे कारण बहुधा निराळे असते.

ज्यांना लिहिता येत नाही

लिहिता न येणे ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. महाराष्ट्रातील घरोघरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहिण्याची पद्धत आहे. दुधाचा खाडा ज्या घरात लिहिला जातो, त्या घरात गोळीचा खाडाही लिहिता येतो. गोळी चुकली त्या तारखेवर फुली, दुखले त्या तारखेवर टिकली, फार दुखले तर दोन टिकल्या आणि दवाखान्यात जावे लागले तर गोल, एवढ्या चार खुणांवर काम भागते. घरातील शाळकरी मूल किंवा गावातील आशा कार्यकर्ती आठवड्यातून एकदा या खुणा वहीत उतरवू शकते. एका कागदावर माणसाची बाह्याकृती काढून दुखणाऱ्या जागी रंगाने खूण केली, तरी ती डॉक्टरला पुरेशी बोलकी असते. खुणांचा अर्थ मात्र दिनदर्शिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

गोळीच्या खाड्याची नोंद प्रामाणिकपणे व्हावी यासाठी डॉक्टरांनी व कुटुंबीयांनीही एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. फुल्या दिसल्या म्हणून रुग्णाला रागावू नये. रागावल्यास पुढच्या महिन्यात फुल्या दिसणार नाहीत, पण गोळ्या चुकतच राहतील. मग औषध लागू पडत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघून ते विनाकारण वाढविले किंवा बदलले जाण्याचा धोका उद्भवतो.

शाळेतील विद्यार्थी

या विषयात शिक्षकांची जबाबदारी मोठी आहे. सिकलसेलची कळ बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. काल मैदानावर धावणारा मुलगा आज उठत नाही. अशा वेळी “शाळा चुकविण्याची सबब” असा शेरा सहज मारला जातो. निवासी आश्रमशाळेतील मुलाच्या बाबतीत तर आईवडीलही जवळ नसतात. अधीक्षकांनी त्याचे दुखणे लिहिले नाही, तर ते कोणीच लिहिणार नाही आणि सुट्टीत घरी गेल्यावर दवाखान्यात सांगावयास कोणाजवळ काही उरणार नाही.

आश्रमशाळेत प्रत्येक सिकलसेल विद्यार्थ्याची वही ठेवून ती सुट्टीत त्याच्याबरोबर घरी पाठविण्याची प्रथा पाडता येईल. हजेरीपटाशी तिची तुलना केल्यास मुलाच्या गैरहजेरीचे खरे कारण उघड होते. त्यावरून त्याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, लघवीला जाण्याची मोकळीक देणे, थंडीत पहाटेच्या गार पाण्याच्या आंघोळीतून व दमविणाऱ्या कवायतीतून सूट देणे, असे साधे उपाय करता येतात. त्यांना खर्च लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला आहे, हेही शिक्षकांना ठाऊक असावे.

डॉक्टरांसमोर

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेवढ्या वेळात तीन महिन्यांची वही वाचून होणे शक्य नसते. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी शेवटच्या पानावर पाच ओळींचा गोषवारा काढावा: मागील भेटीनंतर दुखण्याचे दिवस किती, तीव्र कळा किती वेळा, गोळीचे खाडे किती, काम किंवा शाळा किती दिवस बुडाली, आणि विचारावयाचा एक प्रश्न. ग्रामपंचायतीच्या रोजकीर्दीवरून जसा महिन्याचा जमाखर्च निघतो, तसाच हा गोषवारा होय. तो आधी दाखवावा आणि डॉक्टरांनी विचारल्यास मूळ पाने उघडावीत. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या रुग्णाची वेळोवेळी रक्ततपासणी होत असते. तिचे आकडेही याच वहीत तारखेसह उतरवावेत, म्हणजे औषधाचा गुण व त्याचे दुष्परिणाम शेजारी-शेजारी पाहता येतात. गरोदरपणाचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. या काळात हे औषध सहसा देत नाहीत.

केव्हा लिहीत बसू नये

रोजनिशी ही उपचाराची मदतनीस आहे. ती उपचाराची जागा घेऊ शकत नाही. पुढील लक्षणे दिसताच वही बाजूस ठेवून रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आवश्यक तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी: १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखून धाप लागणे, अचानक हातपाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा झटके येणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूस फुगून ते एकाएकी पांढरेफटक पडणे, अचानक दृष्टी अधू होणे, पुरुषाच्या लिंगात काही तास न शमणारा वेदनायुक्त ताठरपणा, आणि घरच्या उपायांनी न थांबणारी तीव्र कळ. ही यादी वहीच्या मागच्या मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. वही हातात असलेल्या माणसाने निदान मलपृष्ठ तरी वाचावेच.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीला या कामी मोठी तरतूद करावी लागत नाही. गावातील रुग्णांना वह्या व तापमापक मिळवून देणे, आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका यांच्यामार्फत महिन्यातून एकदा त्या पाहिल्या जातील अशी व्यवस्था करणे आणि ज्या महिन्यांत अनेक वह्यांत दुखण्याचे दिवस वाढलेले दिसतात, त्या महिन्यांत कामाच्या जागी पिण्याचे पाणी व सावली आहे काय हे पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. वही रुग्णाची आहे. ती त्याच्या घरी राहावी, त्याच्या संमतीनेच उघडावी आणि तिच्यातील मजकूर ग्रामसभेत, चावडीवर किंवा सोयरीक जुळविताना चर्चेला येऊ नये. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांनी स्वतःहून रक्ततपासणी करून घेणे आणि समुपदेशकाचा सल्ला घेणे हा मार्ग योग्य आहे. कोणाची वही कोणी चोरून वाचणे हा मार्ग नव्हे. मजकूर फुटतो असे एकदा दिसले की लोक खरे लिहिणे थांबवितात, आणि खोटी रोजनिशी ही रोजनिशी नसण्यापेक्षाही घातक असते.

रक्तदाब, मधुमेह, दमा, फेफरे, अर्धशिशी यांसारख्या इतर दीर्घ आजारांतही हीच पद्धत थोड्याफार फरकाने उपयोगी पडते. ज्या गावाने राष्ट्रीय सभेला प्रथम खेड्यात आणले, त्या फैजपूरच्या परिसरातील प्रत्येक सिकलसेल रुग्णाच्या घरी अशी एक वही टांगलेली असावी. एक वही, एक पेन्सिल आणि झोपण्यापूर्वीची दोन मिनिटे एवढ्याच भांडवलावर, आजवर मुकाट्याने सोसलेले दुखणे डॉक्टरच्या हिशेबात येऊ शकेल.